पंकचं पॉप नेमकं कधी झालं? सीनियरशी वाद चालूय

सराफ्याचा_बेसिस्ट:
आमचा इंदूरला कॉलेजचा बँड आहे, ग्रीन डे, ब्लिंक-१८२ ह्या अमेरिकन बँडचं पंक, म्हणजे वेगवान, खरखरीत रॉक, असलं वाजवतो. काल छप्पन दुकान ह्या खाऊगल्लीत एक सीनियर म्हणाला की हे पंक नाहीच, रेडिओसाठी गुळगुळीत केलेलं पॉप आहे, खरं पंक ७७ लाच संपलं. मला पटत नाहीये पण उत्तरही सुचेना. नक्की काय बदललं?

जुनी_कॅसेट:
अरे पॉप त्यात पहिल्यापासून होतंच. न्यूयॉर्कच्या रमोन्स बँडचा १९७६ चा पहिला अल्बम ऐक, १४ गाणी अर्ध्या तासात खलास, आणि चाली साठच्या दशकातल्या अमेरिकन पॉपच्या वळणाच्या, फक्त पळवलेल्या. त्यांना हिट व्हायचंच होतं रे, म्हणून तर पुढे साठच्या दशकात पॉप हिट देणाऱ्या फिल स्पेक्टरला प्रोड्यूसर घेतला, तो अल्बम १९८० चा. आणि ७७ म्हणशील तर लंडनच्या द क्लॅश बँडने त्याच वर्षी सीबीएस ह्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, ती काय छोटी कंपनी होती का?

पलासियावाली:
चालींचं मान्य दादा, पण मधली वर्षं तुम्ही गाळताय. ८० च्या दशकात अमेरिकेतल्या मुलांनी स्वतःची लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, काढली, स्वतःचे हॉल उभे केले. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा ९२४ गिलमन स्ट्रीट हा हॉल स्वयंसेवक चालवायचे आणि मोठ्या लेबलच्या बँडला तिथे वाजवायला बंदी. ग्रीन डे तिथलेच, रिप्राइझ ह्या मोठ्या लेबलशी करार केला आणि दार बंद झालं, मग १९९४ ला त्यांचा 'डूकी' अल्बम आला तो एकट्या अमेरिकेत एक कोटी प्रतींच्या वर गेला. हाताने उभं केलेलं असं दुसऱ्याच्या गल्ल्यात गेलं तर जिवाला लागणारच ना. तरी सगळं खापर कंपन्यांवर फोडू नका, ऑफस्प्रिंग बँडचा 'स्मॅश' अल्बम त्याच वर्षी एपिटाफ ह्या स्वतंत्र लेबलवर निघाला आणि तुफान खपला.

रियाज_रोज:
हेडफोन लावून ऐक, फरक लगेच कळेल. रमोन्सच्या त्या पहिल्या अल्बममध्ये एका कानात बास, दुसऱ्या कानात गिटार, एक बाजू काढलीस की अर्धा बँड गायब. मग ब्लिंकचा १९९९ चा अल्बम लाव, दोन्हीकडे गिटारची भिंत, गळा अगदी समोर, ड्रम्सचा एकेक ठोका वेगळा. तो जेरी फिनने प्रोड्यूस केलाय, 'डूकी'चं मिक्सिंगही, म्हणजे वाद्यं आणि गळ्याचा मेळ बसवणं, त्याचंच. माझ्या मते रेडिओवर पोचवलं ते ह्या मिक्सिंगने, कारण तीन कॉर्ड तेव्हाही तीनच होते.

सराफ्याचा_बेसिस्ट:
बास एका कानात वेगळा?? मग तर आजच बसवायला घेतो, आत्तापर्यंत अंदाजानेच वाजवत होतो.