ब्लीचिंगचा ट्रे काढल्यावर हिरडी पांढरी पडते, झोंबते. जेल सौम्य घ्यावं का?

निशाचर
दात पांढरे करायला डेंटिस्टने मापाचा ट्रे करून दिलाय. जेल १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं, रात्री घालून झोपायचं. सकाळी ट्रे काढला की वरच्या दोन्ही सुळ्यांपाशी हिरडीची कड पांढरीफटक दिसते आणि गरम काही प्यायलं की झोंबतं. दुपारपर्यंत रंग पूर्ववत होतो. शिवाय खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, एक बारीक जखम झालीये. ती भरत नाही.
ही हिरडी कायमची भाजतेय का? १० टक्क्यांचं जेल मागावं का?

दाढेखाली
तुमच्या तोंडात दोन वेगळ्या भानगडी आहेत. जेल बदलून त्यातली फार तर एक सुटेल.

सुळ्यांपाशी जे होतंय ते जेलमुळे. पेरॉक्साइड हिरडीत शिरलं की तिथली एन्झाइम्स त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतात. ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे हिरडीत अडकतात, म्हणून ती पांढरी दिसते. काही तासांत रंग परत येतो, तुमचा येतोच आहे. जास्त वेळ लागलं तर वरचा पापुद्रा सोलवटतो आणि भरायला काही दिवस घेतो. एवढ्याने कायमचं नुकसान होत नाही, पण त्याच जागी रोज रात्री नव्याने लावत राहणं बरं नाही.

सुळ्यांपाशीच का, तर त्यांचं मूळ पुढे आलेलं असतं, तिथली हिरडी बहुधा पातळ असते आणि ट्रे तिथे घट्ट बसतो. जास्तीचं जेल पिळून वर येतं ते तिथेच. म्हणजे टक्केवारीच्या आधी प्रमाण बघा. दर दाताला तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुरे. तो ट्रेच्या ओठाकडच्या भिंतीला आतून, मधोमध लावायचा, कडेला नाही. हसताना जे दात दिसतात तेवढ्यांनाच जेल घाला, दाढांच्या खळग्यात भरू नका. ट्रे बसवल्यावर कडेने बाहेर आलेलं जेल लगेच कोरड्या बोटाने किंवा कापसाच्या काडीने पुसा. ही पुसण्याची पायरी बरेच जण गाळतात, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

टक्क्यांबद्दल: १० टक्के कार्बामाइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे दात पांढरे करणारं खरं रसायन, सुटतं, १६ टक्क्यांतून साडेपाचच्या वर. सौम्य जेलने वेळ जास्त लागतो, शेवटचा रंग जवळपास तोच येतो. हिरड्या नाजूक असतील तर १० टक्के खुशाल मागा. किंवा हेच जेल रात्रभर न ठेवता संध्याकाळी दोनेक तास ठेवा. तेवढ्यात जवळपास निम्मं पेरॉक्साइड खर्च झालेलं असतं. वेळ बदलण्याआधी डेंटिस्टला विचारा.

कडकोपरा
जिभेकडच्या जखमेबद्दल. तो दोष ट्रेच्या कडेचा, जेलचा नाही. खात्री करायची तर जखम भरू द्या आणि मग एक रात्र रिकामा ट्रे घालून झोपा. तरी तिथेच दुखलं तर जेल निर्दोष.

ट्रे दोन प्रकारे कापतात. एक हिरडीच्या रेषेबरोबर नागमोडी, दुसरा हिरडीवर एक-दोन मिलिमीटर जाऊन सरळ. नागमोडी कापात जेल हिरडीपासून लांब राहतं, पण कडा जास्त होतात, त्या जिभेला टोचतात आणि लाळही आत शिरते. सरळ काप मऊ लागतो आणि सील चांगलं धरतो, पण जेल हिरडीला टेकून राहतं. १० टक्क्यांना सरळ चालतो; त्याहून तीव्र जेलला नागमोडीच बरा, असं माझं मत.

टोचणारी जागा ट्रे कोरडा करून बोटाने सापडते. डेंटिस्टकडे दोन मिनिटांचं काम आहे. घरीच करायचं तर लहान वाकड्या कात्रीने अर्धा मिलिमीटरच उतरवा, नखं घासायच्या बारीक कानशीने कड गोल करा, धुऊन परत घालून बघा. एकदम जास्त कापलं की सील जातं, जेल गळायला लागतं आणि हिरडी आणखी भाजते. ट्रे गरम पाण्याने धुऊ नका, आकार बिघडतो.

जाता जाता: १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड मुळात तोंडातल्या जखमांवरचं अँटिसेप्टिक. ते रात्रभर ट्रेमध्ये ठेवून दात पांढरे करायची पद्धत १९८९ साली छापून आली. त्यामुळे त्या तीव्रतेला हिरडी दुखली तर मी आधी ट्रेकडे बघतो.

चूळभर
वरच्या दोघांशी सहमत, पण जखम भरेपर्यंत जेल पूर्ण बंद. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार चुळा. मऊ ब्रश. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. पुन्हा सुरू कराल तेव्हा ट्रे घालायच्या ऐन आधी दात खसाखसा घासू नका, खरचटलेल्या हिरडीला जेल दुप्पट झोंबतं. एरवीही घासताना रक्त येत असेल तर आधी सफाई करून हिरड्या ठीक करा, ब्लीचिंग नंतर.

हिरडीची आग आणि दातातली कळ यांची गल्लत करू नका. गार हवेने एकाच दातातून चमक गेली तर ती संवेदनशीलता. त्यावर ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट ट्रेमध्ये घालून १०-३० मिनिटं ठेवतात. पेस्ट फेस न होणारी घ्या. फेसासाठी असलेलं सोडियम लॉरिल सल्फेट हिरडीला स्वतःच झोंबू शकतं.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पू, किंवा हिरडी खाली सरकून मूळ दिसणं, यातलं काहीही असेल तर डेंटिस्टला दाखवा.

स्ट्रिपवाली
ट्रे नाही, स्ट्रिप (जेल लावलेली, दातांवर चिकटवायची पट्टी) वापरते, तरी तीच गत. पट्टी रुंद असल्याने हिरडीवर जातेच.

दाढेखाली
मग कात्रीने वरची कड कापा, हिरडीपासून मिलिमीटरभर खाली लावा, उरलेली दातामागे दुमडा. पाकिटावरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. आकडेही नीट वाचा: स्ट्रिपवर बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइडचे टक्के असतात. ६ टक्क्यांची स्ट्रिप ही १६ टक्के कार्बामाइडपेक्षा किंचित तीव्रच.

निशाचर
सगळ्यांचे आभार. व्हॅसलीन जेलमध्ये मिसळलं तर हिरडी वाचेल?

चूळभर
मिसळू नका. हिरडी कापसाने कोरडी करून फक्त तिच्यावर पातळ थर द्या. दातावर गेलं तर तेवढ्या जागी जेल पोचणार नाही आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी येईल.