मुलाची बार मिट्झवा जवळ आली, हिब्रू देवनागरीतून चालू ठेवू की थेट अक्षरं शिकवू?

समुद्राकाठची
शालोम आणि नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, रायगड जिल्ह्यात राहतो, माझं सासर इथलंच. मुलगा साडेअकरा वर्षांचा झालाय म्हणजे दीड वर्षात त्याची बार मिट्झवा, तेराव्या वर्षी मुलगा धर्माने मोठा होतो तो विधी. गावात सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, आहे, सासरे अजून मशीदच म्हणतात, पण समाजाची घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, बाकी सगळे मुंबई-ठाण्याला नाहीतर इस्राएलला गेले, त्यामुळे शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, लागतात ते दहा मोठे पुरुष जमतीलच याची खात्री नसते. मागच्या महिन्यात नऊ जण आले. दहाव्याची पाऊण तास वाट बघितली, शब्बाथ असल्यामुळे फोन करायचा प्रश्नच नव्हता, शेवटी सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, हेखालमधून, तिच्या कपाटातून, काढलाच नाही आणि सासऱ्यांनी छापील पुस्तकातून परशा, त्या आठवड्याचा उतारा, वाचली. माझा मुलगा सगळा वेळ हेखालच्या पडद्याकडे बघत बसला होता. घरी येताना म्हणाला, आई मी तेरा वर्षांचा झालो की दहावा मीच ना? तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जातच नाही.

तर प्रश्न असा. त्याला सगळ्या प्रार्थना पाठ आहेत, पण देवनागरीत लिहिलेल्या वहीवरून. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली वही आहे, तेही तसेच शिकले. मी त्याला ऑनलाइन एका शिक्षकांकडे घातलं, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की वही बंद, आजपासून फक्त हिब्रू अक्षरं, देवनागरीला हातसुद्धा लावायचा नाही. दोन आठवड्यांत मुलाचा सगळा उत्साह गेला, जे धडाधड म्हणत होता तेही अडखळायला लागला, एकदा रडला. सासरे दुखावले ते वेगळंच. मग मी ते क्लास थांबवले. आता काय करू? धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती नुसती बाजूला बसून ऐकते आणि तिला भावापेक्षा जास्त येतं, तिचंही बघायचंय. ज्यांच्या मुलांचं झालंय त्यांनी कृपया लिहा.

ठाण्याचा_मामा
ताई, आमच्या दोन्ही मुलांचं झालंय म्हणून लिहितो. अक्षरं शिकवाच, आणि आत्ताच शिकवा, दीड वर्ष म्हणजे भरपूर वेळ आहे. बावीस तर अक्षरं, त्यातल्या पाचांचं शब्दाच्या शेवटी रूप बदलतं, बस एवढंच. देवनागरीचा प्रॉब्लेम असा की हिब्रूत दोन त आहेत, दोन क आहेत, दोन स आहेत, आपण सगळ्यांना एकच अक्षर लिहितो. आलेफ आणि आयिन दोन्ही अ होऊन बसतात. म्हणायला काही फरक पडत नाही, आपल्या तोंडात तो उच्चारांचा फरक राहिलेलाच नाही, पण मुलगा जेव्हा सिद्दुर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, उघडेल तेव्हा त्याला त्यातला एक शब्दही ओळखता येणार नाही. माझं स्वतःचं तसं झालं. वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत मी हातात सिद्दुर धरून पाठ म्हणत होतो आणि शेजारचा पान उलटेल तेव्हा उलटत होतो. कोणाला कळलं नाही कधी, पण मला माहीत होतं ना.

शिक्षकांची पद्धत चुकली असेल पण मुद्दा बरोबर आहे.

निवृत्त_मास्तर
मामा, तुमचं म्हणणं पटतं पण देवनागरीला कमी लेखू नका हो. आपल्याकडे धर्माचं शिक्षण टिकलं ते मराठीच्या आधारानेच. पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या, पुस्तकं गेली, राहिली ती तोंडी शेमाची प्रार्थना आणि शनिवार पाळणं, ही कथा आपण सगळेच आजीकडून ऐकत आलोय. लोक शनिवार तेली म्हणायचे ते त्यामुळेच, तेलाचा घाणा शनिवारी बंद. पुढे दावीद रहाबींनी शिकवलं असं परंपरा सांगते, मग कोचीनचे शिक्षक आले. आणि मग छापखाना आला. १८३२ साली जॉन विल्सननी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. ते मिशनरी, त्यांचा हेतू वेगळा होता, पण आपल्या लोकांनी हिब्रू घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ ला मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे पेसाह सणाला वाचायचं पुस्तक, निघाली, १८७४ ला पुण्यात चित्रांची निघाली, तिच्यात बायका लुगडं नेसून मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करायला बसल्यात, आपल्या ओटीवर बसाव्यात तशा. १८७५ ला हाईम सॅम्युएल केहिमकर वगैरे मंडळींनी मुंबईत समाजाची शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास तर आपल्या लोकांनी कीर्तनं सुरू केली, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, साकी दिंडी ओवी सगळं, बायकामुलं रात्र रात्र बसून ऐकायची. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं तिला योसेफाची गोष्ट अथपासून इतिपर्यंत माहीत असायची ती कीर्तनामुळे.

म्हणून म्हणतो, आजोबांची ती वही बंद करायला सांगणं मला बरोबर वाटत नाही. मूल तिच्यातून आजोबांचा आवाज शिकतंय. अक्षरं शिकवा, पण वही मिटवून नको.

समुद्राकाठची
मास्तर, तुमचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून वही घेऊन आले आणि मला दाखवलं की काही ठिकाणी त अक्षराखाली त्यांनी पेन्सिलीने बारीक टिंब दिलंय. म्हणजे दुसरा त! त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं की हे दोन वेगळे आहेत, कसे ते विसरलो पण टिंब ठेव. इतकी वर्षं मी ती वही बघतेय, मला वाटायचं डाग आहेत.

मामा, तुम्ही सिद्दुर धरून पाठ म्हणायचात ते वाचून वाईट वाटलं. तुम्ही मग पस्तिसाव्या वर्षी शिकलात कसे?

ठाण्याचा_मामा
मुलगी शिकत होती ताई, तिच्या शेजारी बसून. आपल्या ठाण्याच्या शआर हाशामाईममध्ये, १८७९ चं आहे ते, तिथे आम्हा सगळ्यांचं येणंजाणं. प्रार्थना झाल्यावर मोठी माणसं गप्पा मारत थांबतात तेव्हा ती मला खिडकीजवळ बसवून अक्षरं विचारायची. चुकलो की डोळे वटारायची. दोन पावसाळे लागले मला.

आणि मास्तर, देवनागरीला कमी नाही लेखत, आमच्या घरात मराठी हगादा अजून आहे, मेणाचे डाग पडलेली.

तेबाजवळचा
मी मुंबईत मुलांना शिकवतो, एका सिनेगॉगमध्ये, रविवारी सकाळी. शिक्षक नाही, बँकेत होतो. आमच्या वर्गात सात मुलं, सहा वर्षांपासून चौदापर्यंत, सगळी एकाच सतरंजीवर. तालमूद या आपल्या जुन्या धर्मग्रंथात म्हटलंय की एका शिक्षकाकडे पंचवीस मुलं असावीत, चाळीस झाली तर मदतनीस द्यावा, पन्नास झाली तर दुसरा शिक्षक. ते वाचलं की मला आमच्या सात मुलांकडे बघून भरूनच येतं, पण सात म्हणजे सात, त्यांना पंचवीस जणांइतकंच नीट शिकवायचं.

ताई आता कामाचं सांगतो. सेफेर तोरामध्ये स्वरचिन्हं नसतात. काना नाही मात्रा नाही, विरामचिन्ह नाही, सुराच्या खुणा नाहीत. समजा क म ल एवढंच लिहिलंय, ते कमल वाचायचं की कोमल की कमाल हे वाचणाऱ्याला आधी माहीत पाहिजे. आणि पाठ असलं तरी न बघता म्हणून चालत नाही, गुंडाळीवर नजर ठेवूनच वाचावं लागतं, अर्थ बदलेल अशी चूक झाली तर लोक तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्त करतात. म्हणजे पाठांतर पण हवं आणि अक्षर पण हवं. तुमच्या मुलाकडे पाठांतर आहे, अर्धी लढाई जिंकलेलीच आहे, ती शिक्षकांनी काढून घ्यायला नको होती.

मी असं करतो. नवीन मुलाला आलेफ बेथचा तक्ता देतच नाही. त्याला जे पाठ आहे तेच हिब्रूत समोर ठेवतो. पहिला शेमा. तो तोंडाने म्हणतो आणि बोट अक्षरावरून फिरवतो, उजवीकडून डावीकडे, पहिले आठ दिवस फक्त दिशेची सवय. तोंडाला शब्द माहीत असल्यामुळे डोळा आपोआप अक्षर पकडायला लागतो. मग मी विचारतो, या ओळीत दोन अक्षरं मोठी का आहेत? तोरामध्ये शेमाच्या त्या पहिल्या ओळीत पहिल्या शब्दाचं शेवटचं आयिन आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं दालेथ मोठं लिहितात. दालेथ आणि रेश दिसायला जवळजवळ सारखे, दालेथला मागे एक कोपरा असतो, रेश तिथे गोल वळतो. तो कोपरा जर वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटला तर एहादचं अहेर होतं, म्हणजे देव एक याच्या जागी देव दुसरा. एका कोपऱ्यावर सगळं अवलंबून! हे सांगितलं की मुलं पानाला नाक लावून कोपरा शोधतात. तुमच्या मुलाला आजच दाखवा. आपल्या पूर्वजांनी जी एक प्रार्थना पुस्तकाशिवाय तोंडात जपली तीच, आणि तो दालेथ त्यांच्या डोळ्यांना कित्येक पिढ्या दिसलाही नसेल.

त्यानंतर तिक्कुन हे वाचनाच्या सरावाचं पुस्तक घ्या. त्याच्या पानावर दोन रकाने असतात, एकात स्वरचिन्हांसकट आणि दुसऱ्यात सेफेरसारखं कोरं. एका आलियामध्ये, म्हणजे तोरा वाचायला एकदा बोलावलं की, कमीत कमी तीन पासूक, म्हणजे वचनं. त्याला सुरुवातीला तीनच द्या, पूर्ण परशेचा हट्ट नको. हफ्तारा, म्हणजे नबींच्या ग्रंथातला उतारा, नंतर बघू. आणि आशीर्वाद, तोराच्या आधीचा आणि नंतरचा, ते तर आजोबांकडूनच शिकवा, चाल घरची असू द्या. दिवसाला पंधरा मिनिटं, शब्बाथला लिहिणं नाही फक्त ऐकणं.

मुलीलाही बसवा बरोबर, बाजूला नाही, समोर. तिची बाथ मिट्झवा बाराव्या वर्षी, म्हणजे तिलाही तीनच वर्षं आहेत.

आश्दोदहून
मी इकडून इस्राएलहून लिहितेय, माझं माहेर पेण. इकडे माझ्या नातवंडांना हिब्रू काय, तीच त्यांची भाषा, सेफेर समोर ठेवला तर वाचतील. पण माझ्या आईच्या तोंडची गाणी त्यांना कळत नाहीत. मलिद्याच्या विधीच्या वेळी एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, सगळं ती हिब्रूतून सुंदर म्हणतात आणि पोहे, ओलं खोबरं, फळं का ठेवली ते मला विचारतात, आणि मला ते हिब्रूत सांगता येत नाही, मराठीतून सांगावं तर त्यांना कळत नाही. यॉम किप्पुरच्या उपासाला मी दारफळणीचा सण म्हटलं, दारं लावून आत बसायचं म्हणून, तर धाकटा हसला. तिशा बेआवला बिरड्याचा सण म्हटलं तर त्याला बिरडंच माहीत नाही. म्हणून ताई तुमच्या सासऱ्यांना म्हणावं वहीत सणांची जुनी नावं पण लिहून ठेवा, त्या त्या दिवशी घरात काय करायचे ते पण. अक्षरं कुठेही शिकता येतील, ते नाही मिळणार.

आणि ते प्रार्थना संपल्यावर एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठांना लावतो ते, हातबोशी, ते मुलांना करायला लावता ना? लावा.

निवृत्त_मास्तर
आश्दोदच्या ताई, अगदी मनातलं बोललात. नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, पेसाहचा अनाशी धाकाचा सण, ही नावं माझ्या वडिलांच्या तोंडी होती, आता मला सांगावी लागतात. तेबाजवळचे, दालेथचा कोपरा मी इतकी वर्षं शिकवून कधी असा दाखवला नव्हता, आता दाखवीन.

समुद्राकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. तेबाजवळचे काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. शेमा समोर ठेवला, वही पण शेजारी उघडी ठेवली. पहिले चार दिवस मुलाचं बोट डावीकडूनच सुरू व्हायचं. मग दालेथ सापडला त्या दिवशी तो धावत आजोबांकडे गेला आणि म्हणाला आजोबा इथे कोपरा आहे बघा. सासऱ्यांनी चष्मा पुसला, पान खिडकीशी नेलं, आणि बघत राहिले. आता रोज संध्याकाळी दोघं नातवंडं आणि ते, तिघं एकत्र बसतात. टिंब दिलेले त कोणते ते मुलीने शोधून काढलं, तेथ आणि तावचा फरक आहे, प्रत्येक टिंब बरोबर जागी निघालं, एकही चुकलेलं नव्हतं. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर सासऱ्यांनी सणांची नावं लिहायला घेतलीत, अजून खिरीच्या सणापर्यंतच आलेत कारण मध्येच आठवण निघते आणि लिहिणं राहतं.

एक विचारायचंय, तिक्कुन मुंबईत कुठल्या सिनेगॉगमध्ये बघायला मिळेल का? विकत घ्यायच्या आधी मुलाला एकदा हातात देऊन दाखवायचंय.

तेबाजवळचा
माझ्याकडे एक जादा आहे. रविवारी सकाळी वर्गालाच घेऊन या दोघांना, आजोबांनाही आणा आणि ती वही पण. पत्ता मेसेज करतो.