‘ताळा जुळला’ म्हणजे ‘अस्सल’ का?

मुठाकाठी: विंडोज एक्सपीच्या जुन्या सीड्यांच्या आयएसओ फायली (अख्ख्या सीडीची एका फाईलमधली प्रत) कशा तपासायच्या यावर मराठीत टिपण लिहितोय. फाईल उतरवताना बिघडली नाही ही एक गोष्ट, ती मूळ कंपनीचीच आहे ही दुसरी. दोन्हींना ‘पडताळणी’च लिहिलं जातंय. वेगळे शब्द सुचवा.

जुनीपेठ: पहिल्याला ‘ताळा’. शाळेत गुणाकाराला नवाचा ताळा करायचो, तोच. एमडी५ म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून गणितानं काढलेला आकडा, म्हणजेच हॅश; त्याची ३२ चिन्हं जुळली की ताळा जुळला.

अर्धपुणेरी: नवाचा ताळा ६७ च्या जागी ७६ लिहिलं तरी जुळतो हो! एमडी५ इतका भोळा नाही. २००४ मध्ये एकच हॅश येणाऱ्या दोन फायली बनवून दाखवल्या गेल्या, हे खरं. पण आधीच असलेल्या सीडीच्या हॅशला जुळेल अशी खोटी फाईल घडवणं फार अवघड. खरी मेख म्हणजे आकडा आणला कुठून? फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या मोफत संगणक-प्रणालीच्या साइटवर घुसून चोरदरवाजा असलेल्या आयएसओकडे दुवा वळवला होता. फाईल जिथली तिथलाच आकडा घेतलात, तर घुसखोर दोन्ही बदलणार.

दप्तरदार: वडील शिवाजीनगर कोर्टात कारकून. नक्कल एकानं करायची, दुसऱ्यानं मुळाशी ताडून बघायची. त्याला ‘रुजवात घेणं’ म्हणत. अस्सल, नक्कल, रुजवात. झालं की काम!

मुठाकाठी: पण मूळ सीडी माझ्याकडे नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या एमएसडीएन (प्रोग्रॅमरांसाठीची सेवा) यादीत शा-१ आकडे (एमडी५सारखाच दुसरा हॅश) असायचे, त्यांच्याशीच ताडणार. ही रुजवात की ताळा?

स्वभाषा: तिन्ही शब्द अरबी! शासनव्यवहारातला ‘अधिप्रमाणन’ असताना हे कशाला?

जुनीपेठ: ‘अधिप्रमाणन’ वाचून माणूस पेनड्राइव्ह खाली ठेवेल. आणि ‘हॅश’वर आक्षेप नाही वाटतं? तो फ्रेंचमधून आला, अर्थ बारीक तुकडे करणं. मराठीत ‘खिमा’ म्हणा.

स्वभाषा: थट्टा पुरे. ‘खिमा’ही परकाच.

अर्धपुणेरी: मुठाकाठी, टिपणात सरळ लिहा: ‘आकडा जुळला, म्हणजे फाईल यादीतल्यासारखीच आहे. यादी खरी असेल तरच ती अस्सल.’ दोन वाक्यं लिहा, एका शब्दात कोंबू नका.

मुठाकाठी: मथळ्याला तरी एक शब्द लागेल ना?

दप्तरदार: ‘रुजवात’ की ‘रुजुवात’? वडील पहिलं म्हणायचे, आत्या दुसरं.

जुनीपेठ: ‘कामावर रुजू झाला’ हे त्याच घरातलं ना? मग ‘रुजुवात’च मूळ असणार.

दप्तरदार: कोर्टातले सगळे ‘रुजवात’च म्हणायचे हो.