अनुभव धागा: किचन नव्याने करताना काय टिकतं, काय बिघडतं

किचन करायला काढलं की बराचसा वेळ शटरचा, म्हणजे कपाटाच्या दारांचा, रंग ठरवण्यात जातो. पाण्यापाशी काय टिकतं, काय फुगतं, कुठली मापं चुकतात हे ज्यांना पक्कं माहीत आहे, त्यांनी इथे लिहा. कारणासकट लिहिलंत तर फार उपयोग होईल.

*

सुरुवात सिंकखालच्या कपाटापासून. तिथे साधा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड नकोच. लॅमिनेट वरून धडधाकट दिसतं; पाणी शिरतं ते कापलेल्या कडांतून आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांतून. एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही. सांगाडा 18 मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायचा करा. भोकांच्या आतल्या कडेला सिलिकॉन भरून घ्या. हे काम बहुतेक वेळा राहून जातं, म्हणून पाइप जोडण्याआधी स्वतः बघा. कपाट जमिनीला टेकवू नका. 10 सेंमी उंचीचे पाय लावा आणि पुढची पट्टी काढता येईल अशी ठेवा, म्हणजे गळती लगेच दिसते.

*

ओट्याच्या दगडाबद्दल. ग्रॅनाइटला उष्णतेची फारशी भीती नाही, पण फिकट रंगाचे दगड तेल शोषतात. त्यांना सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा लेप) हवाच. क्वार्ट्झला सीलर लागत नाही, मात्र हा कारखान्यात केलेला दगड, त्यातला चुरा रेझिनने बांधलेला असतो. तापलेली कढई थेट ठेवली की डाग पडतो किंवा तडा जातो. संगमरवर ओट्याला मी सुचवणार नाही, आंबट पदार्थ सांडला की चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही.

आता महत्त्वाचं: ओट्याच्या पुढच्या कडेखाली, कडेपासून साधारण 1 सेंमी आत, लांबीभर 3-4 मिमीची खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी दगडाला चिकटून खालून आत सरकतं आणि शटरच्या वरच्या कडेत मुरतं. खाच असली की ते तिथेच थेंब होऊन पडतं. दगड बसवल्यावर हे काम नीट होत नाही, कापतानाच सांगा.

*

हॉबचं (ओट्यात बसवायच्या शेगडीचं) भोक कॅटलॉगवरून कापू नका, हॉब हातात आल्यावरच कापा. भोकाचे कोपरे गोलसर हवेत. काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. भोकापुढे उरलेली दगडाची अरुंद पट्टी उचलून नेताना मोडते, तिला खालून आधार द्या.

*

सिंक आणि हॉबमध्ये किती जागा ठेवावी?

*

60 सेंमी तरी. 80-90 मिळाली तर चिरायला ऐसपैस. ओट्याची उंची मात्र सरसकट 85 ठरवू नका. जास्त काम करणाऱ्याने ताठ उभं राहून कोपर वाकवावं. तिथून 10-15 सेंमी खाली ओटा हवा.

*

ओट्याखाली शटरपेक्षा ड्रॉवर घ्या, मागचं सामान काढायला वाकावं लागत नाही. भिंतीला लागून ड्रॉवर असेल तर मध्ये 5 सेंमीची पट्टी सोडा, नाहीतर तो दाराच्या चौकटीला अडतो. एल आकारात कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना अशी पट्टी हवी. एका बाजूचं हँडल दुसऱ्या बाजूच्या ड्रॉवरला अडवतं.

*

ओटा आणि भिंतीवरची टाइल यांच्या सांध्यात ग्राउट भरू नका. दगड आणि भिंत वेगवेगळी हलतात, ग्राउट तडकतं, आणि तिथूनच पाणी आत जातं. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन. बाकी टाइलच्या फटींत एपॉक्सी ग्राउट उत्तम, पण थोडं थोडंच कालवा. घट्ट व्हायच्या आत ओल्या स्पंजने टाइल पुसली नाही, तर तिच्यावर बसलेला पातळ थर नंतर निघता निघत नाही.

*

चिमणीचा पाइप 150 मिमीचा असेल तर तो शेवटपर्यंत 150च ठेवा. मध्ये अरुंद केला की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. वळणं दोनच्या वर नकोत. भिंतीतलं भोक टाइल लावण्याआधी पाडून घ्या, आणि ओव्हन-डिशवॉशरचे 16 अँपिअरचे पॉइंट त्या उपकरणांच्या पाठीमागे न देता शेजारच्या कपाटात द्या. प्लग मागे असला की उपकरण पूर्ण आत बसत नाही.