पहिल्या रेसलमेनियातून राहिलेले पैलवान: पत्त्यांचा सेट पुरा करायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धागा थोडा लांब होणार आहे, पण विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आम्ही कोल्हापूरचे. आमच्या घरात दोन कुस्त्या सुखाने नांदल्या. एक आजोबांची, खासबाग मैदानातली. दुसरी दादाची, केबलवर दिसणारी अमेरिकन कंपनीची डब्ल्यूडब्ल्यूएफ. दादाकडे त्या पैलवानांच्या ट्रम्प कार्डांचा सेट होता. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, किती फाइट्स, किती जिंकल्या... तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सगळं पाठ असेल. मी पाच वर्षांनी लहान, त्यामुळे मला नेहमी हरणारे पत्ते मिळायचे, आणि तरीही त्या दुपारींइतकं सुख मला नंतर फार कशात मिळालं नाही. घर बदलताना तो सेट हरवला.

दादाचा वाढदिवस ३१ मार्चचा. पहिला रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचा सर्वांत मोठा कार्यक्रम, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला तो दिवसही ३१ मार्च १९८५, म्हणजे दादाचा पाचवा वाढदिवस. येत्या वाढदिवसाला त्याला नवा सेट करून द्यायचा ठरवलंय, तोही फक्त त्या पहिल्या रेसलमेनियाचा. एकूण ३२ पत्ते. मजकूर मराठीत, चित्रं माझी मीच काढतेय.

त्या रात्री नऊ कुस्त्या झाल्या. हल्क होगन आणि मिस्टर टी विरुद्ध रॉडी पायपर आणि पॉल ऑर्नडॉर्फ ही एक नंबरची. बाकी आंद्रे आणि बिग जॉन स्टड, टिटो सँटाना आणि मुखवट्यातला एक्झिक्यूशनर, किंग काँग बंडी आणि एस. डी. जोन्स, रिकी स्टीमबोट आणि मॅट बॉर्न, डेव्हिड सॅमार्टिनो आणि ब्रूटस बीफकेक, जंकयार्ड डॉग आणि ग्रेग व्हॅलेंटाइन, वेंडी रिक्टर आणि लेलानी काय. टॅग टीमच्या, म्हणजे जोडीच्या, पट्ट्यासाठी (विजेतेपदासाठी) आयर्न शेख आणि निकोलाय व्होल्कॉफ विरुद्ध बॅरी विंडहॅम आणि माइक रोटुंडो. मोजले तर २२ जण होतात. म्हणजे दहा पत्ते उरतात, आणि तिथेच मी अडले आहे.

त्या दहा जागी मला राहिलेले पैलवान घ्यायचे आहेत, म्हणजे ज्यांना त्या रात्री कुस्ती मिळाली नाही असे. आजोबांची सवय होती, मैदानाचं पोस्टर लागलं की आधी कोण नाही ते बघायचे. जोडी कुणाकुणाची लागलीय ते नंतर. कोण नाही यावरून तालमीत काय चाललंय ते त्यांना कळायचं. मी या कार्यक्रमाकडे तसंच पाहायला लागले आणि थक्क झाले.

सगळ्यात आधी सार्जंट स्लॉटर. नव्वदच्या दशकात केबल बघितलेल्या आपल्या पिढीला तो इराकची बाजू घेणारा खलनायक म्हणून माहीत आहे, ज्याला १९९१ च्या सातव्या रेसलमेनियात होगनने हरवून पट्टा परत घेतला. पण १९८४ मध्ये हाच माणूस अमेरिकेचा लाडका फौजी होता! आयर्न शेखबरोबर त्याचं वर्षभर वैर चाललं आणि १६ जून १९८४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच त्यांची बूट कँप कुस्ती (नियम नसलेली) झाली. ती मी तीनदा बघितली. इतकी लोकप्रियता असलेला माणूस नऊ महिन्यांनी त्याच इमारतीतल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात नाही. जी. आय. जो या फौजी खेळण्यांमध्ये त्याचं पात्र येण्यावरून कंपनीशी बिनसलं आणि तो व्हर्न गॅनियाच्या एडब्ल्यूए या दुसऱ्या कंपनीकडे गेला, असं सांगितलं जातं. कंपनीची स्वतःच्या पैलवानांची खेळणी दुसरीकडे बनत होती, त्यामुळे हे कारण मला पटतं.

दुसरा बॉब बॅकलंड. फेब्रुवारी १९७८ ते डिसेंबर १९८३, जवळजवळ सहा वर्षं पट्टा याच्याकडे होता. कॉलेजातल्या खऱ्या कुस्तीतला विजेता, गोरागोमटा, साधा, सरळ. २६ डिसेंबर १९८३ ला शेखने त्याला कॅमल क्लच या पकडीत धरलं आणि बॅकलंडचा मॅनेजर आर्नोल्ड स्कालंडने हार मान्य म्हणून टॉवेल टाकला. बॅकलंड स्वतः शरण आलाच नाही. नंतर २८ दिवसांनी होगनने शेखला हरवलं आणि सगळं पर्व बदललं. बॅकलंडने केस रंगवावेत, खलनायक व्हावं असं सुचवलं गेलं, त्याला ते मान्य नव्हतं आणि तो १९८४ मध्ये बाहेर पडला, अशी हकिगत आहे.

म्हणजे बघा, शेख त्या रात्री आखाड्यात आहे, टॅगचा पट्टाही जिंकतोय. ज्यांच्या जोरावर शेख मोठा झाला ते बॅकलंड आणि स्लॉटर दोघंही नाहीत. हे लक्षात आल्यावर मला त्या दोघांबद्दल फार वाईट वाटलं.

तिसरी जोडी एड्रियन एडोनिस आणि डिक मर्डॉक. एप्रिल १९८४ पासून टॅगचा पट्टा त्यांच्याकडे. २१ जानेवारी १९८५ ला विंडहॅम आणि रोटुंडोकडून हरले. दहा आठवड्यांनी पट्टा रेसलमेनियात पणाला लागला तेव्हा हे दोघं पोस्टरवरही नाहीत.

यापुढे माझी यादी वाढतच जाते. रॉकी जॉन्सन, टोनी ॲटलस, जिमी स्नुका, बॉब ऑर्टन, ब्रुनो सॅमार्टिनो, जेसी व्हेंचुरा, ब्रेट हार्ट, जिम नाइडहार्ट, डायनामाइट किड, डेव्ही बॉय स्मिथ, रँडी सॅव्हेज, रिक फ्लेअर. दादाचे जीव की प्राण म्हणजे ब्रेट आणि सॅव्हेज. वरचे चार धरले तर १६ जण झाले, जागा दहाच.

तर मदत हवी आहे ती अशी: यातले खरे राहिलेले कोणाला म्हणायचं? निकष काय लावू? आणि पत्ते छापून घ्यायला कागद कोणता सांगू? आधीच आभार मानते.

प्रतिसाद १

ताई, अप्रतिम कल्पना आहे. मी १९८३ पासून न्यू जर्सीत, एडिसनला. तेव्हा चौथीत होतो, त्यामुळे हा काळ शाळकरी पोराच्या नजरेने पाहिलेला आहे.

स्लॉटरबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांना त्याची कोब्रा क्लच ही पकड लावायचो. मी वर्गात एकटा भारतीय, इंग्रजी जेमतेम, पण सॅल्यूट ठोकून क्लच लावता आला की खेळात घ्यायचे. तो टीव्हीवरून एकदम दिसेनासा झाला तेव्हा कुणी काही सांगितलं नाही. आजच्यासारखी बातमी शोधायची सोय नव्हती. मोठा कार्यक्रम येतोय म्हटल्यावर तो त्यात परत येणार अशी आमची खात्रीच होती.

निकषाचं म्हणाल तर सरळ विचार करा. फ्लेअरला राहिलेला म्हणता येणार नाही. तो दुसऱ्या घरचा. जिम क्रॉकेटच्या कंपनीने तर २४ नोव्हेंबर १९८३ लाच ग्रीन्सबरोला स्टारकेड हा आपला मोठा कार्यक्रम भरवला होता आणि त्यात फ्लेअरने हार्ली रेसला हरवून पट्टा घेतला. उलट त्या स्टारकेडमधले पायपर, व्हॅलेंटाइन, स्टीमबोट आणि ऑर्टन रेसलमेनियाच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये होते. डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक विन्स मॅकमहन सगळ्या प्रांतांतल्या कंपन्यांतून माणसं उचलत होता, त्याचा हा पुरावा.

सॅव्हेजही नाही. तो तेव्हा मेम्फिसमध्ये जेरी लॉलरशी लढत होता, डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला जून १९८५ च्या सुमारास. तीन महिन्यांनी हुकला, पण त्याला कुणी वगळलं नव्हतं.

आणि व्हेंचुरा तर त्या रात्री होताच की. गोरिला मॉन्सूनच्या शेजारी बसून समालोचन करत होता. रक्तात गुठळ्या झाल्याने १९८४ मध्ये त्याची कुस्ती सुटली होती. त्याला राहिलेल्यांमध्ये टाकलंत तर दादा पहिल्या पत्त्यालाच पकडतील.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

एडिसनचे दादा, मनापासून आभार. चौथीतल्या मुलाची ती आठवण मी स्लॉटरच्या पत्त्यावर एका ओळीत वापरू का? नाव न घालता.

व्हेंचुराचं अगदी बरोबर. त्याच न्यायाने स्नुका, ऑर्टन आणि ब्रुनोसुद्धा इमारतीत होते. स्नुका होगनच्या कोपऱ्यात (आखाड्याबाहेर साथीला), ऑर्टन पायपरच्या कोपऱ्यात हाताला प्लास्टर घालून, आणि त्याच प्लास्टरचा फटका चुकून ऑर्नडॉर्फला बसला म्हणून कुस्तीचा निकाल लागला. ब्रुनो मुलाच्या, डेव्हिडच्या, कोपऱ्यात. तरी ब्रुनोबद्दल मन मानत नाही. दोन वेळा मिळून अकरा वर्षांहून जास्त काळ पट्टा सांभाळलेला माणूस, मॅडिसन स्क्वेअर गार्डन ज्याच्या नावाने भरायचं, तो अशा रात्री मुलाच्या मागे उभा आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या रेसलमेनियात शिकागोच्या बॅटल रॉयलमध्ये (सगळे एकदम आखाड्यात, शेवटी उरेल तो जिंकला) तो उतरला, हे वाचून जरा बरं वाटलं.

प्रतिसाद ३

धाग्याचा विषय माझा नाही, पण छपाई माझा धंदा आहे म्हणून लिहिते.

३०० किंवा ३५० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट कार्ड सांगा, दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी करू नका, दोन डावांत बोटांचे ठसे दिसतात आणि पत्ते एकमेकांना चिकटतात. कोपरे गोल कापून घ्या, नाहीतर महिन्याभरात कडा उकलतील. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा कड) ठेवा आणि मजकूर कडेपासून निदान ५ मिमी आत. ३२ पत्ते एकाच मोठ्या शीटवर बसवता येतात का ते प्रेसला विचारा, एक सेट असला तरी डिजिटल छपाईत परवडेल. मागची बाजू सगळ्यांची हुबेहूब एक हवी. राहिलेल्यांची मागची बाजू वेगळ्या रंगाची करायचा मोह होईल. करू नका, खेळताना पत्ता ओळखू येईल.

कोपऱ्यात उभे राहिलेल्यांसाठी वेगळा पत्ता कशाला? ज्याच्या कोपऱ्यात होते त्याच्या पत्त्यावर खाली एक पट्टी घालून 'कोपऱ्यात: अमुक' असं लिहा.

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

ताई, वेगळ्या रंगाचा मोह खरंच झाला होता! वाचवलंत. आणि कोपऱ्याच्या पट्टीची कल्पना तर इतकी सोपी आणि सुंदर आहे की रात्रीच होगन, पायपर आणि डेव्हिडचे पत्ते पुन्हा मांडले. लेलानी कायच्या पत्त्यावर तिची मॅनेजर मूला आणि वेंडीच्या पत्त्यावर गायिका सिंडी लॉपर, दोघींनाही जागा मिळाली.

आता निकष असा ठरवलाय: जो आधीच्या वर्ष-सव्वा वर्षात याच कंपनीच्या आखाड्यात उतरला होता आणि त्या रात्री इमारतीत कुठेच दिसला नाही, तो राहिलेला. सॅव्हेज गेला. दादाला वाईट वाटेल, मलाही वाटतंय, पण खोटा पत्ता त्याला आवडणार नाही.

ब्रेट मात्र बसतो. मॅकमहनने १९८४ मध्ये स्टू हार्टची कॅलगरीची स्टॅम्पीड कंपनी घेतली, तिच्याबरोबर ब्रेट, नाइडहार्ट, डायनामाइट किड आणि डेव्ही बॉय इकडे आले. चौघांनाही त्या रात्री कुस्ती मिळाली नाही. वर्षभराने दुसऱ्या रेसलमेनियात याच डायनामाइट आणि डेव्ही बॉयने टॅगचा पट्टा जिंकला, आणि बॅटल रॉयलमध्ये आंद्रेसमोर शेवटपर्यंत टिकला तो ब्रेट. चौघांच्या पत्त्यांवर हे लिहिणार आहे.

स्लॉटर, बॅकलंड, एडोनिस, मर्डॉक, कॅलगरीहून आलेले हे चौघं, आणि रॉकी जॉन्सन व टोनी ॲटलस. दहा झाले. जॉन्सन आणि ॲटलस ही टॅगचा पट्टा जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय जोडी, नोव्हेंबर १९८३ ची. एडोनिस आणि मर्डॉक यांनी पट्टा घेतला तो यांच्याकडूनच. दोन्ही जोड्या राहिल्या.

रॉकी जॉन्सनच्या पत्त्यासाठी वाचताना एक गोष्ट सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९७ चा तेरावा रेसलमेनिया, शिकागोजवळचं रोझमाँट. रॉकीचा मुलगा, म्हणजे आपला रॉक, तेव्हा रॉकी माइव्हिया नावाने सुलतान नावाच्या पैलवानाशी लढला. सुलतानचे मॅनेजर कोण? आयर्न शेख आणि बॉब बॅकलंड. कुस्ती संपल्यावर तिघांनी पोराला घेरलं तेव्हा रॉकी जॉन्सन धावून आखाड्यात आला. पहिल्या रात्री न दिसलेले दोघं बारा वर्षांनी असे समोरासमोर आले, आणि मधे तोच शेख! दादाने ही कुस्ती नक्की बघितली असणार, पण हा धागा त्याने जोडला नसेल. पत्ता हातात घेऊन तो वाचेल तेव्हाचा त्याचा चेहरा मला बघायचाय.

एकच अडचण राहिली. स्लॉटरच्या पत्त्यावर रँकची चौकट रिकामी आहे. कुस्ती न झालेल्यांना रँक कशावरून द्यायची? बाकी नऊ जणांची मी पट्टे बघून ठरवली, पण स्लॉटरकडे १९८४ मध्ये एकही पट्टा नव्हता. शून्य लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद ५

माझी चौथीतली आठवण जरूर वापरा, मला आनंदच होईल.

आणि शून्य अजिबात लिहू नका. आमच्या शाळेतल्या पोरांना विचारलं असतंत तर एकच उत्तर आलं असतं. रँक २ लिहा. वर फक्त होगन.