बांधावरची वाट: आधी गाडी नेऊन दाखवा

शेजारची जमीन नव्या माणसाने घेतली आणि तुमची गाडी त्याच्याच बांधावरून जाते, आता बोलायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मुळशीत आमच्यावर हीच वेळ आली होती. नव्या मालकाने कुंपणाचे खांब आणून टाकले तेव्हा पोटात गोळाच आला. तहसीलला धावण्याआधी त्यांनाच म्हटलं, "दादा, बसा गाडीत, एकदा जाऊन बघू." वळणावर मागचं चाक भाताच्या खाचरात उतरतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं. तिथले खांब दोन फूट आत गेले, मुरमाचा खर्च मी उचलला.

पण तोंडी शब्दावर राहू नका. रुंदी किती, ट्रॅक्टर जाणार का, पावसाळ्यानंतर डागडुजी कोणाची, हे लिहून करारनामा नोंदवा. जमीन पुन्हा विकली गेली की तोच कागद कामी येतो.

शेताची चालू वाट अडवलीच, तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 खाली 6 महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करा. मुदत अजिबात चुकवू नका. वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो.