कॅथलिक रेडिओ: माइक ज्याच्या हाती, त्याच्याच हाती चावी असावी का?

आगाशीकर (धागा लेखक)

कॅथलिक रेडिओचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "बोलणारे फादर कोण?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की फादरांची स्क्रिप्ट कोण वाचतं, प्रक्षेपणाच्या वेळेचं बिल कोण भरतं आणि वेळ आली तर त्यांना थांबवायचा अधिकार कोणाला आहे. वक्ता आणि केंद्राचा कर्ताधर्ता एकच झाला की आज ना उद्या घात होतो.

अमेरिकेतले दोन धर्मगुरू शेजारी ठेवून बघा. मिशिगनमधल्या रॉयल ओकचे फादर चार्ल्स कॉगलिन १९२६ मध्ये डेट्रॉइटच्या डब्ल्यूजेआर केंद्रावरून बोलू लागले. १९३० मध्ये सीबीएस या राष्ट्रीय रेडिओ-जाळ्याने त्यांना देशभर पोचवलं आणि १९३१ मध्ये बंद केलं. मग त्यांनी श्रोत्यांच्या देणग्यांतून एकेका केंद्राची वेळ विकत घेतली, टेलिफोनच्या तारा भाड्याने घेतल्या आणि स्वतःचं जाळं विणलं. तिथून पुढे त्यांच्या आणि श्रोत्याच्या मधे संपादक म्हणून कोणी उरलंच नाही. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी तिसऱ्या पक्षाचा प्रचार झाला आणि १९३८ पर्यंत गाडी उघड ज्यूद्वेषावर आली.

त्या वर्षीचा २० नोव्हेंबर. जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनागृहं जाळली त्याला दोन आठवडेही झाले नव्हते, आणि कॉगलिननी त्या छळाचं खापर ज्यूंवरच फोडलं. भाषण संपताक्षणी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएमसीए केंद्राच्या निवेदकाने श्रोत्यांना सांगितलं की वक्त्याने वस्तुस्थिती चुकीची मांडली आहे. पुढच्या भाषणाची स्क्रिप्ट केंद्राने आधी मागितली. ती मिळाली नाही, म्हणून भाषण लावलं नाही. एवढी साधी गोष्ट आधीची सात वर्षं झाली असती तर?

आता फुल्टन शीन. त्याच काळात, १९३० पासून, एनबीसी या दुसऱ्या राष्ट्रीय रेडिओ-जाळ्यावर 'कॅथलिक अवर'. वेळ एनबीसीने फुकट दिलेली, कार्यक्रम नॅशनल कौन्सिल ऑफ कॅथलिक मेन या संस्थेचा, आणि शीन हे अनेक वक्त्यांपैकी एक. वीस वर्षं ते त्या कार्यक्रमात बोलले. वक्तृत्वात ते कॉगलिनपेक्षा तसूभरही कमी नव्हते, फरक होता तो चौकटीचा.

आणि ज्याला मी कॅथलिक रेडिओचं सर्वांत मोठं काम मानतो, त्यात तर कोणी नावाजलेला वक्ताच नव्हता. व्हॅटिकन रेडिओ मार्कोनींनी उभारला, १२ फेब्रुवारी १९३१ ला सुरू झाला, कारभार येशूसंघीयांकडे (जेझुइट धर्मगुरूंकडे) दिला गेला. १९४० ते १९४६ या काळात तिथून हरवलेल्या माणसांचे, युद्धकैद्यांचे १२,४०,७२८ निरोप वाचले गेले. त्याला लागले १२,१०५ तास. भागाकार केला तर एका निरोपाला जेमतेम ३५ सेकंद येतात. नाव, गाव, कोण शोधतंय, एवढंच. वर्षानुवर्षं. ते वाचणाऱ्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

मध्यमलहर

धागा वाचनीय आहे, पण निष्कर्ष उलटा आहे. तुम्ही बिघडलेला संस्थापक निवडलात आणि सगळ्या संस्थापकांना दोषी धरलंत.

कोलंबियातलं सुतातेन्सा घ्या. १९४७ मध्ये फादर होसे होआकिन साल्सेदो त्या डोंगराळ गावात सहायक धर्मगुरू म्हणून आले आणि शंभर वॉटच्या आतल्या ट्रान्समीटरवर शेतकऱ्यांसाठी शाळा सुरू केली. कुठल्याही समितीने हे सुचवलं नव्हतं. रीत अशी: घरात एकाच केंद्रावर कायमचा लावून ठेवलेला रेडिओ, भिंतीला फळा, हातात छापील पुस्तिका, आणि गावातलाच थोडंफार शिकलेला एक मदतनीस. रेडिओवरचा शिक्षक म्हणतो, "आता हे अक्षर काढा", मदतनीस ते फळ्यावर काढतो आणि प्रत्येकाचा हात धरून गिरवून घेतो. हा मदतनीस नसेल तर पद्धत कोसळते, कारण रेडिओला विद्यार्थ्याची पाटी दिसत नाही. साल्सेदोंनी ही मेख पहिल्याच काही वर्षांत ओळखली. आरोग्य, अक्षर, अंक, शेती-अर्थव्यवहार आणि अध्यात्म असे पाच विषय ठरवले. पुढे त्यातूनच 'एल कॅम्पेसिनो' हे साप्ताहिक निघालं.

हे काम बिशपांच्या समितीने केलं असतं का? उलट पुढे जबाबदार पालकत्वाचे धडे सुरू झाले तेव्हा धर्मश्रेष्ठींशीच खटके उडाले. १९८९ च्या सुमारास केंद्र विकलं गेलं. तुमची "थांबवायचा अधिकार असलेली" मंडळी नेहमी शहाणीच असतात, हे गृहीतक मला पटत नाही.

कानसेन

आगाशीकर, तुमच्या उदाहरणातच तुमच्या मुद्द्याचं खंडन आहे. कॉगलिनना थांबवायचा अधिकार कोणाकडेच नव्हता, हे खरं नाही. डेट्रॉइटचे बिशप मायकेल गॅलगर यांच्याकडे तो पुरेपूर होता. त्यांनी तो वापरला नाही, उलट जाहीर पाठराखण केली. जानेवारी १९३७ मध्ये ते वारले. पुढचे आर्चबिशप एडवर्ड मूनी यांनी त्याच वर्षी कान उपटले, तेव्हा कॉगलिननी रागाने प्रक्षेपण बंद केलं आणि १९३८ च्या जानेवारीत परत सुरू केलं. म्हणजे अधिकार होता, पुढे तो वापरणारा माणूसही होता, तरी भागलं नाही.

मग थांबवलं कशाने? अमेरिकेतल्या प्रक्षेपकांच्या संघटनेने १९३९ मध्ये आचारसंहिता केली, की वादग्रस्त विषयांसाठी वेळ विकायची नाही. करार संपत गेले, केंद्रांनी नवे केले नाहीत आणि १९४० मध्ये आवाज बंद झाला. चर्चने हात घातला तो १९४२ मध्ये. लगाम चर्चच्या बाहेरचा होता. म्हणून मी म्हणतो, धर्मप्रांतात समित्या वाढवून फार काही साधत नाही. वेळ आणि लहर ज्यांच्या मालकीची आहे त्यांचे नियम पक्के हवेत.

आगाशीकर

कानसेन, गॅलगरांचा मुद्दा मान्य. "अधिकार कोणाला" याऐवजी "अधिकार कोणाला आणि तो वापरायची रीत काय" असं मी लिहायला हवं होतं. मात्र चर्चने पुढे यावर नियम केला, तो विसरू नका. १९८३ च्या धर्मसंहितेतला, म्हणजे चर्चच्या कायद्यातला, कॅनन (नियम) ७७२ सांगतो की रेडिओ-टीव्हीवरून धर्मशिक्षण देताना बिशपांच्या परिषदेचे नियम पाळायचे. कॅनन ८३१ मध्ये धर्मगुरू आणि व्रतस्थांनी श्रद्धा-नीतीच्या विषयांवर रेडिओवर बोलायच्या अटी ठरवायचं काम त्याच परिषदेकडे दिलं आहे.

मध्यमलहर, साल्सेदोंचं काम थोरच. पण तुम्ही वर्णन केलेली खरी ताकद गावोगावच्या मदतनिसांची होती. त्यांना माइक कधीच मिळाला नाही.

फेडर

वरच्या चर्चेत स्टुडिओ कुठेच नाही, म्हणून थोडं तांत्रिक. श्रोत्यांचे फोन थेट घेणाऱ्या कार्यक्रमात साधारण सात सेकंदांचा विलंब ठेवतात, म्हणजे स्टुडिओतलं बोलणं यंत्रात साठून सात सेकंद उशिरा प्रक्षेपित होतं. कोणी शिवी दिली, कोणावर आरोप केला, तर बटण दाबायचं. मागचे सात सेकंद गळतात आणि श्रोता एकदम आत्ताच्या क्षणाला येतो. लोक विसरतात ते असं, की बटण दाबल्यावर साठा रिकामा होतो. तो परत भरायला यंत्र बोलणं किंचित ताणत राहतं. तेवढ्या वेळात दुसरा फोन घेतलात तर हाताशी काहीच नसतं. म्हणून एक बटण दाबलं की लगेच एखादं भक्तिगीत लावायचं, पुढचा फोन नंतर. फोन करणाऱ्याला त्याच्या घरचा रेडिओ बंद करायला सांगायचं; नाहीतर स्वतःचाच आवाज सात सेकंदांनी ऐकून तो अडखळतो. आणि बटण निवेदकाकडे द्यायचं नाही. त्याचं लक्ष संवादात असतं, त्याचा हात उशिरा जातो.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये इटलीच्या रेडिओ मारियावर फादर जोव्हानी काव्हाल्कोली या डॉमिनिकन धर्मपंडितांनी भूकंपाचा संबंध समलिंगी जोडप्यांना मान्यता देणाऱ्या कायद्याशी जोडून देवाच्या शिक्षेची भाषा केली. व्हॅटिकनकडून जाहीर निषेध झाला, रेडिओ मारियाने त्यांचा कार्यक्रम थांबवला. सगळं नंतर. पाहुणा ईशज्ञानाचा पंडित असेल तर पलीकडे बसलेला स्वयंसेवक बटण दाबायला धजेल का? विलंबयंत्र फोन करणाऱ्यासाठी असतं, फादरांवर ते कोणी वापरत नाही. म्हणून धर्मगुरूंची मासिक सत्रं थेट न ठेवता आधी ध्वनिमुद्रित करावीत. आदल्या दिवशी दुसऱ्याने ऐकली तरी पुरेसं आहे. या बाबतीत मी आगाशीकरांच्या बाजूने.

लघुलहर

ध्वनिमुद्रणाचा आग्रह शांततेच्या काळात ठीक. फिलिपिन्सची राजधानी मनिला, फेब्रुवारी १९८६ आठवा. २२ तारखेच्या रात्री कार्डिनल हाइमे सिन रेडिओ व्हेरितास या कॅथलिक केंद्रावर आले आणि हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोसविरुद्ध उठलेल्या सैनिकांना अन्नपाणी द्या, पाठीशी उभे राहा, असं लोकांना सांगितलं. माणसं एड्सा रस्त्यावर लोटली. दुसऱ्या दिवशी मार्कोसच्या सैनिकांनी केंद्राचा मालोलोसचा मुख्य ट्रान्समीटर फोडला. राखीव ट्रान्समीटर कमी ताकदीचा, तो थोड्याच वेळात गेला. मग निवेदिका जून कीथली दुसऱ्याच केंद्रावरून बोलू लागल्या. बोलावणं कार्डिनलांचं होतं, त्यानंतरचे तास त्या निवेदिकेने सांभाळले. "आदल्या दिवशी दुसऱ्याने ऐकली पाहिजेत" हा नियम तिथे लावला असता तर? धर्मनेता स्वतः, थेट, स्वतःच्या जबाबदारीवर बोलला, म्हणूनच लोकांनी विश्वास ठेवला.

आगाशीकर

सिन मनिलाचे आर्चबिशप होते, उत्तरदायी पदावरून बोलत होते आणि काही मिनिटं बोलले. केंद्र रोज चालवणारी माणसं वेगळी होती. ते माझ्याच चौकटीत बसतं. पोलंडमधल्या तोरुनचं रेडिओ मारिया (इटलीतल्याहून वेगळं केंद्र) मात्र बसत नाही. तिथे १९९१ पासून संस्थापक, संचालक आणि मुख्य आवाज फादर तादेउश रिजिक हे एकच. २००६ मध्ये पोपच्या राजदूतांना पोलंडच्या बिशपांना पत्र लिहावं लागलं, की राजकीय क्षेत्राच्या स्वायत्ततेचा मान न ठेवणाऱ्या प्रक्षेपणांतून झालेल्या अडचणी दूर करा. इतक्या वर्षांनी, इतक्या वरून.

मध्यमलहर

आणि त्याच केंद्राभोवती देणग्यांवर, स्वयंसेवकांवर चालणारा एवढा मोठा श्रोतृवर्ग उभा राहिला, जो बिशपांच्या अधिकृत माध्यमांकडे फिरकत नव्हता. म्हाताऱ्या, एकट्या, खेड्यातल्या बायकांना रोझरीच्या वेळी कोणीतरी साद घालत होतं. तो भाग गाळून हिशेब करू नका.

वाघोलीकर

वसई-गोव्यात कोणाला खरंच काही करायचं असेल तर आपल्याकडचे नियम आधी बघा. खासगी एफएमसाठी धार्मिक संस्था अपात्र आहेत. सामुदायिक रेडिओ मिळू शकतो, पण किमान तीन वर्षं नोंदणी असलेल्या ना-नफा संस्थेला. वायनाडचं रेडिओ मट्टोली तिथल्या धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेचं आहे, मंगळूरचं रेडिओ सारंग येशूसंघीयांच्या शिक्षणसंस्थेचं. प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॉटपर्यंत, अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत, निम्मे कार्यक्रम स्थानिक, स्वतःच्या बातम्या नाहीत. केबलमध्ये आणि सांध्यांत ३ डेसिबल गेले तर निम्मी ताकद वाया जाते. पावसाळ्याआधी सांधे उघडून, पुसून, परत सीलबंद केले नाहीत तर कोकणपट्टीच्या हवेत हे हमखास होतं.

आगाशीकरांना हवा असलेला लगामही त्याच नियमांत आहे: प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं. दिवसाला १२ तास, १२८ केबीपीएसने, म्हणजे तासाला सुमारे ५८ एमबी आणि तीन महिन्यांचे साधारण ६४ जीबी. एका पेनड्राइव्हवर मावेल, पण एकाच ठिकाणी ठेवू नका. एक प्रत स्टुडिओत राहू दे. दुसरी संस्थेच्या चिटणिसांच्या कपाटात ठेवा, आणि त्या कपाटाची किल्ली कार्यक्रम सादर करणाऱ्या फादरांकडे देऊ नका.